मागं कुणी नाही

१

नवा जिल्हा झाला की त्याला सगळं नवं मिळतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी नरसिंगचा टँकर पाहिलेला नसतो. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं होत आली होती. पाट्या नव्या रंगल्या, शिक्के नवे आले, साहेबांच्या टेबलावर नव्या काचा बसल्या. गाड्या मात्र जुन्या जिल्ह्याने वाटणीत दिलेल्या, आणि वाटणीत चांगली म्हैस कोण देतो? नरसिंगच्या वाट्याला एक जुनाट ट्रक आला. त्याच्या पाठीवर पत्र्याची टाकी बसवली होती. दारावरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून त्यावर नवं लिहिलं होतं, पण तिरप्या उन्हात खालचं नाव अजून वाचता यायचं.

शहाऐंशीचा उन्हाळा. दोन पावसाळे कोरडे गेले होते. चाकूरजवळच्या एका मळ्यातल्या विहिरीवर टाकी भरायची आणि दिवसाला चार खेपा करायच्या, हे नरसिंगचं काम. शेवटची खेप माळवस्तीची. माळावर वीस-बावीस बौद्ध घरं होती, तीच माळवस्ती. गाव खाली आणि वस्ती वर. गावच्या विहिरीचा तळ दिसायला लागला, तेव्हा वस्तीच्या आडाचा तळ दिसून महिना झाला होता.

टँकरची बॅटरी म्हातारी झाली होती. सकाळी बटन दाबलं की सेल्फ फिरायचा आणि गाडी चालू व्हायची, पण दिवसभर चालू-बंद करून चौथ्या खेपेपर्यंत बॅटरीचा जीव जायचा. पाणी सोडताना इंजिन बंद ठेवा, डिझेल वाचवा, असा वरून हुकूम होता. वरच्यांना कधी धक्का मारावा लागला नसावा. मग टाकी रिकामी झाली की नरसिंग केबिनमध्ये बसायचा, दुसरा गिअर टाकायचा, क्लच दाबून धरायचा, आणि वस्तीवरच्या बाया मागून गाडी ढकलायच्या.

या धक्क्याची मुकादम नागुबाई. पन्नाशी उलटलेली, अंगाने वाळकी, आवाज मात्र सगळ्या वस्तीला पुरणारा. "लावा गं जोर! भाकर खाल्ली न्हाई का कुणी?" गाडी पाच-दहा हात सरकली की नरसिंग क्लच सोडायचा. इंजिन दोन आचके द्यायचं आणि धरायचं. मग नागुबाई टाकीवर तळहाताने दोन थापा मारायची. थप्, थप्. मागं कुणी नाही, जाऊ दे.

"नागुमाय, तुमच्याबिगर ही गाडी चालत न्हाई बघा," नरसिंग एकदा म्हणाला.

"मी हाय तवर घोर करू नको बाबा. कुठं बी बंद पडू दे, मी येते धक्का द्यायला."

"चाकूरला बंद पडली तर?"

"चाकूरला बी येते. मला काय, पायानं तर यायचंय!"

सगळ्या बाया हसल्या. नरसिंगही हसला.

२

त्या बुधवारी मलप्पाच्या नव्या घराची घरभरणी होती. मलप्पा म्हणजे विहिरीवरचा पंप चालवणारा, नरसिंगचा दोस्त. पुरणपोळी, वर तूप, आणि पंगत दुपारी दोनला. नरसिंगच्या तीन खेपा होईतो दीड वाजला. चौथी केली असती तर परत यायला पाच वाजले असते, आणि पाच वाजता पंगतीत पत्रावळ्या उचलायला कुणी आपणहून जात नाही.

आपण काही फार मोठं केलं नाही, असं नरसिंग पुढे स्वतःला कितीतरी वेळा सांगणार होता. केलं ते एवढंच: चाकूरच्या सरकारी यार्डात गाडी उभी केली, बॉनेट उघडलं, सेल्फला जाणारी बारीक तार पकडीने उपसून मोकळी सोडली, आणि कारकून दत्तोपंतांना हाक मारली.

"साहेब, सेल्फ उचलत न्हाई." त्याने त्यांच्यादेखत बटन दाबलं. काही झालं नाही. होणार कसं?

दत्तोपंतांनी खिडकीतूनच पाहिलं. "धक्का मारून बघ."

"मारायला माणसं कुठं हायत? सगळे घरभरणीला गेलेत."

"बरं, मग उद्या मिस्त्रीला दाखव," असं म्हणून दत्तोपंतांनी चपला शोधल्या. त्यांनाही घरभरणीचं बोलावणं होतं.

नरसिंगने चार पोळ्या खाल्ल्या. दुपारी मलप्पाच्या ओसरीवर, नव्या चुन्याच्या वासात, छान झोप लागली त्याला. वस्तीवरच्या घागरी त्या झोपेत एकदाही आल्या नाहीत.

गुरुवारी सकाळी त्याने तार परत खोचली. गाडी चालू झाली. विहिरीवर पोचला तर मलप्पा म्हणाला, "ऐकलंस का? माळवस्तीची नागुबाई गेली."

"कवा?"

"काल. ऊन लागलं. नाल्याच्या अलीकडं बाभळीखाली सापडली, दिवस मावळताना. वस्तीपासून दोन कोसावर."

"पाणी हुडकायला गेली आसल," नरसिंग म्हणाला. जीभ आपोआप वळली.

"तेच तर कुणाला कळत न्हाई. संगं घागर न्हाई, कळशी न्हाई. मोकळ्या हातानं निघाली हुती. चाकूरला दवाखान्यात यायली आसल, असं म्हणून राहिलेत."

दवाखान्यात. नरसिंगने तो शब्द घट्ट धरला. बाई आजारी होती, दवाखान्यात निघाली होती, वाटेत ऊन लागलं. यात टँकरचा काय संबंध? तरी त्या दिवशी त्याने दुसऱ्या टँकरवरच्या व्यंकटीशी रस्ता बदलून घेतला. पोटात दुखतंय, माळाचा चढ नको, असं काहीतरी सांगितलं. व्यंकटी तीन दिवस माळवस्तीला जाऊन आला. चौथ्या दिवशी व्यंकटीची गाडी दुसऱ्या गावांना लावली, आणि दत्तोपंत म्हणाले, "नरसिंग, आजपासून माळवस्ती पुन्हा तुझी."

३

दीड वाजला होता. यार्डात चिटपाखरू नव्हतं. विहिरीवर भरून आणलेली टाकी काठोकाठ, खेप नोंदवायला गाडी बंद केलेली. नरसिंगने बटन दाबलं.

काहीच नाही. खट्ट नाही, कुरकुर नाही. बॅटरी उतरलेली असली तरी सेल्फ निदान कण्हतो. इथे बटन एखाद्या भिंतीवर बसवल्यासारखं होतं.

त्याने पहिल्यांदा बॉनेट उघडून ती तार पाहिली. जागच्या जागी होती. ओढून पाहिली, घट्ट होती. मग बॅटरीकडे वळला. टर्मिनलवरची पांढरी बुरशी घासली, नट आवळले, पाणी पाहिलं. दिवे लावून बटन दाबलं. बॅटरी कमजोर असती तर दिवे मंद व्हायला हवेत. दिवे तसेच लख्ख राहिले. म्हणजे बॅटरी ठणठणीत, पण करंट सेल्फपर्यंत जातच नाही. तार काढलेली असावी, अगदी तसं.

घाम पुसून त्याने पुन्हा बटन दाबलं.

थप्, थप्.

मागून, टाकीवर.

नरसिंग उतरला. टाकीमागे कुणी नव्हतं. यार्डाचं फाटक लोटलेलं, कडुनिंबाखाली दत्तोपंतांची सायकल, बाकी ऊन. पत्रा तापला की वाजतो, तो स्वतःशी म्हणाला. रोज वाजतो, आपलं आज लक्ष गेलं एवढंच. पटलंही त्याला.

मग त्याच्या लक्षात आलं. टाकी भरलेली होती. भरल्या टाकीवर थाप मारली की बद्द वाजते. खात्रीसाठी त्याने स्वतः तळहात मारला. बद्द. पुन्हा मारला. बद्द.

ऐकलेल्या थापा पोकळ होत्या. पाणी सोडून झाल्यावर, धक्का देऊन झाल्यावर वाजतात तशा.

४

रामकिशन मिस्त्री गॅरेज सोडून येत नसे, पण पाण्याचा टँकर म्हटल्यावर आला. चाळीस वर्षं हेच करत आलेला माणूस, निजामाच्या काळातल्या गाड्याही त्याने खोललेल्या. त्याने नरसिंगला काही विचारलं नाही. सेल्फवर हातोडीचा हलका टोला दिला, बॅटरीतून चेसीला जाणारी जाड पट्टी हलवून पाहिली, आणि स्वतःच केबिनमध्ये चढून बटन दाबलं.

गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.

"यात बिमारी काय हाय?" रामकिशन म्हणाला आणि इंजिन बंद केलं. "बस तू. मार."

नरसिंग बसला. बटन दाबलं. काही नाही.

"सरक." रामकिशन बसला. गाडी चालू झाली. बंद केली. नरसिंग बसला. काही नाही. असं तीनदा झालं. चौथ्यांदा रामकिशन हसला नाही. तो बॉनेटमध्ये वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"नरसिंग, ही सेल्फची तार कुणी उपसली हुती का?"

"न्हाई."

"पकडीचे दात उमटलेत. ताजे हायत. आठ दिवसांच्या आतले."

इथे नरसिंगला बोलता आलं असतं. रामकिशन काही साहेब नव्हता. व्हय मिस्त्री, मीच काढली, पोळीच्या मोहाने काढली, असं म्हटलं असतं तर त्याने एक शिवी हासडली असती आणि गप्प बसला असता. पण नवा जिल्हा होता, डायव्हर कायम करायची यादी निघणार होती, आणि नरसिंगला दोन लेकरं होती. शिवाय बाई दवाखान्यात निघाली होती.

"न्हाई मिस्त्री. मी कशाला काढू?"

थप्, थप्.

रामकिशनने मान वर केली. "मागं कोण हाय रे?"

"कुणी न्हाई," नरसिंग म्हणाला. "पत्रा तापलाय."

रामकिशनने त्याच्याकडे पाहिलं, मग टाकीकडे पाहिलं. उठून मागे जाऊन पाहायचं त्याच्या मनात आलं असावं, पण तो गेला नाही. गाडी चालू करून दिली आणि फडक्याला हात पुसत पुसत लांब झाला. "बंद करू नको वाटंत. जा, पाणी टाकून ये. लोक खोळंबलेत."

५

नाल्याशी बाभळ आली तेव्हा नरसिंगने मान वळवली नाही. झाडाखाली कुणीतरी दगडांची लहानशी रास रचली होती. ती न पाहताही दिसली. चढावर गाडी नेहमी धापा टाकायची. आज भरल्या टाकीनिशी विनातक्रार चढली, मागून कुणी हात लावल्यासारखी. बॅटरी घासली ना, म्हणून. असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि सांगताना त्यालाच लाज वाटली. चढाला बॅटरी लागत नाही हे त्याला न कळायला तो काय दत्तोपंत होता?

वस्तीवर बाया होत्या, घागरी होत्या, पण कलकल नव्हती. नरसिंगने इंजिन चालूच ठेवून पाइप सोडला. पहिली घागर भरते न भरते तोच इंजिन आपोआप थांबलं. आचका नाही, धूर नाही. कुणीतरी हळूच चावी काढून घ्यावी तसं थांबलं.

एरवी पाणी भरताना नागुबाई रांग लावायची, भांडणं तोडायची. आज रांग आपोआप लागली. टाकी रिकामी झाली. भरलेल्या घागरी घेऊन सगळ्या बाया गाडीच्या पुढे, समाजमंदिराच्या सावलीला जाऊन बसल्या. नरसिंगने केबिनमध्ये बसून बटन दाबलं. होणार नव्हतंच. मग त्याने खिडकीतून मान काढली.

"जरा धक्का देता का?"

कुणी उठलं नाही. एक तरणी बाई तेवढी पुढे आली. नागुबाईची सून, विशाखा. डोक्यावर पदर नव्हता, डोळे सुजलेले होते.

"आज न्हाई, भाऊ. आज कुणाचे हातच उचलत न्हाईत. जरा दम घ्या." ती खिडकीशी उभी राहिली. काहीतरी विचारायचं होतं तिला. "त्या दिशी गाडी कुठं बंद पडली हुती?"

"कोणत्या दिशी?" नरसिंग म्हणाला. उगाच म्हणाला.

"बुधवारी. लई वाट पाहिली तुमची. चार वाजले. सगळ्या म्हणल्या, आज काय टँकर येत न्हाई. आत्याबाई एकट्याच म्हणून राहिल्या, नरसिंग न आल्याबिगर राहायचा न्हाई. गाडी बंद पडली आसल, एकटाच बसला आसल उन्हात. मी जाते धक्का द्यायला."

नरसिंगचे हात स्टिअरिंगवर होते. ते तिथेच राहिले.

"मी म्हणलं, आत्या, तुमच्या एकटीच्या धक्क्यानं काय व्हतंय? तर म्हणल्या, मी पोचले की दोघं होऊत. आन् मोकळ्याच निघाल्या. धक्क्याला हात मोकळे पायजेत म्हणल्या." विशाखाने नाक पुसलं. "मला इतकंच सांगा भाऊ. आत्याबाईला आनखी किती चालावं लागलं आसतं? जवळ आल्या हुत्या का?"

दवाखाना गेला. ज्या शब्दाला धरून नरसिंग चार दिवस उभा होता, तोच गेला. ती बाई नाला ओलांडून गेली होती, बाभळीपर्यंत गेली होती, आणि पुढे चाकूरपर्यंतही गेली असती. तिथे टँकर सावलीत उभा होता, तारेचं टोक मोकळं सोडून. आणि डायव्हर चौथी पोळी खात होता.

खरं सांगायची हीच वेळ होती. नरसिंगला ते कळत होतं.

"जवळच हुती," तो म्हणाला. "नाल्याच्या पलीकडं. जराशी राहिली हुती."

विशाखाने मान हलवली. तिला त्यात कसलंसं समाधान मिळालं, आणि ते समाधान पाहणं नरसिंगला जड गेलं.

तेवढ्यात गाडी हलली.

६

माळ सपाट होता. वारा नव्हता. गाडी बोटभर पुढे सरकली, थांबली, पुन्हा बोटभर सरकली. जोर एकाच माणसाचा होता. एवढी वर्षं धक्के खाल्लेल्या डायव्हरला ते पाठीने कळतं. दहा जणींचा जोर सलग येतो, एकटीचा दम घेत घेत येतो.

नरसिंगने समोरच्या बाया मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. सगळ्या समोर होत्या. विशाखा खिडकीशी.

त्याने आरशात पाहिलं. आरसा एका बाजूने फुटलेला, त्यात टाकीची कड आणि खालची थोडी जमीन एवढंच दिसायचं. जमिनीवर एक पाय दिसला. अनवाणी, टाचेला भेगा, अंगठा मातीत रोवलेला. जोर लावताना रोवतात तसा. वर लुगड्याचा विटका काठ. पाय सरकला, पुन्हा रोवला गेला. गाडी हातभर पुढे गेली.

त्याने क्लच दाबून धरला होता. सोडला असता तर इंजिन कदाचित धरलं असतं. सोडवेना.

"विशाखाबाई," तो म्हणाला. "गाडी बंद न्हवती पडली."

ती त्याच्याकडे पाहत नव्हती. ती टाकीच्या मागच्या टोकाकडे पाहत होती. पाहता पाहता तिचा हात वर गेला, आणि तिने पदर डोक्यावर घेतला. घरात सासू समोर आली की सून घेते तसा, सवयीने.

"गाडी चांगली हुती. मीच तार काढली हुती. पंगतीला जायचं म्हणून," नरसिंग म्हणाला. "ऐकायल्या का तुम्ही?"

"मला काय सांगता, भाऊ?" विशाखा हळूच म्हणाली. "त्यांना सांगा."

आणि ती चार पावलं मागे सरली.

नरसिंगने डोळे मिटले. लहानपणी मास्तरांपुढे हात पुढे करताना मिटायचा तसे. "नागुमाय," तो म्हणाला, "गाडी बंद न्हवती. तुमी उगं निघालात. मी तिकडं जेवत बसलो हुतो."

गाडी थांबली.

पाठीला जाणवणारा तो जोर एकदम गेला. आधार काढून घेतल्यासारखी गाडी किंचित मागे आली आणि स्थिर झाली. त्याने डोळे उघडले. आरशात नुसती जमीन होती. ती मात्र दोन ठिकाणी खरवडलेली होती.

मग त्याने समोरच्या बायांकडे पाहिलं, आणि आपण डोळे मिटूनच बसायला हवं होतं असं त्याला वाटलं. सगळ्या बाया टाकीच्या मागच्या टोकाकडे पाहत होत्या. त्यांच्या नजरा हलायला लागल्या. हळूहळू, एखाद्या थकल्या माणसाच्या चालीने, टाकीच्या कडेकडेने त्या पुढे येत होत्या. मागच्या चाकापाशी आल्या. पाइपाच्या तोंडापाशी आल्या. तिथे क्षणभर थांबल्या. पुन्हा निघाल्या. एका म्हातारीने हात जोडले. एकीने मांडीवरच्या लेकराचं तोंड छातीशी फिरवलं. मग सगळ्या नजरा केबिनच्या दारावर येऊन थांबल्या, खिडकीच्या जरा खाली.

खिडकी उघडी होती. नरसिंगचं कोपर तिथेच होतं. ते आत ओढून घ्यायचं त्याला सुचलं नाही. वळून खाली पाहायचं तर त्याच्यात बळच नव्हतं. उन्हात फार चाललेल्या माणसाच्या अंगाचा, तापल्या मातीचा आणि घामाचा वास आला. त्याला वाटलं, आता शिवी येईल. शाप येईल. नखं येतील. जे काही यायचं ते येऊ दे, एकदाचं होऊन जाऊ दे.

त्याच्या कोपराखाली, दाराच्या पत्र्यावर, जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडलं होतं तिथे, तळहात पडला. रागाने नाही. रोज पडायचा तसाच.

थप्, थप्.

इंजिन चालू झालं. बटनाला कुणी हात लावला नव्हता. दणकून, तब्येतीत चालू झालं, नव्या गाडीसारखं. समोरच्या बायांच्या नजरा दारावरून निघाल्या आणि रस्त्याने, नाल्याच्या दिशेने, लांब लांब जात राहिल्या.

थापांचा अर्थ वस्तीवरच्या लेकरांनाही माहीत होता. मागं कुणी नाही, जाऊ दे.

नरसिंगने पहिला गिअर टाकला. पुढे रस्ता मोकळा होता. दिवस मावळेपर्यंत गाडी तिथेच उभी होती, इंजिन चालू, आणि त्याचा पाय क्लचवरून उठला नाही.